डबल-क्लिकवर आपलं ॲप कसं उघडायचं: फाइल एक्स्टेन्शन जोडण्याची पायरीवार कृती

ॲप लिहून झालं, फाइल सेव्ह होते, मेन्यूतून उघडतेही. मग ते दुसऱ्या कुणाला दिलं की तो माणूस मेन्यूकडे बघतसुद्धा नाही. तो थेट फाइलवर डबल-क्लिक करतो आणि सिस्टिम विचारते, ही कशात उघडू? डेस्कटॉप ॲप लिहायला नव्यानेच सुरुवात केली असेल, तर या प्रश्नाचं उत्तर कोडमधून कसं द्यायचं ते इथे सांगतो. विंडोजवर जास्त वेळ थांबणार आहे, कारण घोळ तिथेच जास्त होतात. मॅक आणि लिनक्स त्या मानाने सरळ आहेत.

उदाहरणापुरतं धरू की ॲपचं नाव 'लेखणी' आहे आणि त्याच्या फाइलींचं एक्स्टेन्शन '.वही'. लेखात सगळी नावं, की आणि कमांड उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत. टाइप करताना त्या अर्थातच रोमन अक्षरांत आणि इंग्रजी आकड्यांत करायच्या.

आधी मधला दुवा समजून घ्या

नवख्या माणसाची समजूत अशी असते की कुठेतरी एक तक्ता असेल: डावीकडे एक्स्टेन्शन, उजवीकडे ॲप. विंडोज ३.१ च्या काळात खरोखरच तसं होतं. विन-डॉट-आयएनआय नावाच्या फाइलीत 'एक्स्टेन्शन्स' असा एक भाग असे आणि त्यात एका ओळीत दोन्ही लिहिलेलं असे. आज तिन्ही सिस्टिमवर या दोघांच्या मध्ये एक नाव असतं, फाइलीच्या प्रकाराचं. एक्स्टेन्शन त्या प्रकाराकडे बोट दाखवतं आणि तो प्रकार ॲपकडे. विंडोजवर या मधल्या नावाला प्रोग-आयडी म्हणतात, मॅकवर यूटीआय, लिनक्सवर माइम टाइप.

हा मधला दुवा उगीच नाही. '.जेपीजी' आणि '.जेपीईजी' ही एक्स्टेन्शनं दोन, पण प्रकार एकच. उलट '.टीएस' घ्या. टाइपस्क्रिप्टची सोर्स फाइलही '.टीएस' आणि टीव्ही प्रसारणाच्या व्हिडिओ स्ट्रीमची फाइलही '.टीएस'. एक्स्टेन्शन एक, प्रकार दोन. मधलं नाव नसतं तर हा गुंता सुटलाच नसता. आपलं कामही त्यामुळे दोन गाठींचं होतं: एक्स्टेन्शन प्रकाराला बांधायचं, प्रकार ॲपला बांधायचा. काही चाललं नाही की यातली कोणती गाठ सुटली आहे, हे आधी बघायचं.

पायरी पहिली: एक्स्टेन्शन निवडा

एक्स्टेन्शनांची जागतिक नोंदणी करणारी संस्था नाही. माइम टाइपची नोंद आयएएनए ही इंटरनेटवरची नावं-क्रमांक सांभाळणारी संस्था ठेवते, पण '.वही' कुणी वापरायचं आणि कुणी नाही हे ठरवणारं कुणी नाही. म्हणून आपणच शोधाशोध करायची. तीन अक्षरांचा आग्रह सोडा. तो डॉसच्या आठ-अधिक-तीन नियमाचा (नावाला आठ, एक्स्टेन्शनला तीन अक्षरं) वारसा आहे आणि तीन अक्षरांच्या बहुतेक जोड्या केव्हाच संपल्यात. चार-सहा अक्षरांचं, ॲपच्या नावाशी नातं सांगणारं एक्स्टेन्शन घेतलं की टक्कर व्हायची शक्यता बरीच कमी होते.

फाइलीचा मजकूर आतून जेसन किंवा झिप असला, तरी '.जेसन' किंवा '.झिप' वर हक्क सांगू नका. आपलं वेगळं एक्स्टेन्शन ठेवा.

पायरी दुसरी: ॲपला फाइलीचा पाथ घेता यायला हवा

इथे घाई होते. लोक थेट रजिस्ट्री (विंडोजचा सेटिंग्जचा साठा) उघडून बसतात आणि ॲप रिकाम्या खिडकीने उघडतं. डबल-क्लिक म्हणजे सिस्टिमने आपलं ॲप चालू करून त्याला फाइलीचा पूर्ण पाथ हातात देणं, एवढंच. विंडोज आणि लिनक्सवर तो कमांड लाइनच्या आर्ग्युमेंटमधून येतो. म्हणून आधी टर्मिनल उघडून ॲपच्या नावापुढे फाइलीचा पाथ टाइप करा. फाइल उघडली तरच पुढे जा.

ही चाचणी करताना फाइलीचं नाव मुद्दाम अवघड घ्या: मध्ये जागा असलेलं आणि देवनागरीत. 'मार्च चा हिशेब.वही' असं काहीतरी. सी किंवा सी++ मध्ये साधं मेन फंक्शन वापरलं असेल, तर विंडोजवर आर्ग्युमेंट सिस्टिमच्या जुन्या कोडपेजमधून, म्हणजे अक्षरांच्या मर्यादित तक्त्यातून, गाळून येतात. त्या कोडपेजमध्ये देवनागरी नसते, त्यामुळे 'मार्च'च्या जागी नुसती प्रश्नचिन्हं येतात आणि फाइल सापडत नाही. यावर दोन उपाय आहेत. एक म्हणजे डब्ल्यू-मेन वापरायचं किंवा गेट-कमांड-लाइन-डब्ल्यू हे फंक्शन बोलवायचं. दुसरा म्हणजे ॲपच्या मॅनिफेस्टमध्ये (ॲपची माहिती सांगणाऱ्या एक्सएमएल फाइलीत) ॲक्टिव्ह कोडपेज यूटीएफ-८ असं जाहीर करायचं. हे विंडोज १० च्या १९०३ आवृत्तीपासून चालतं. सी शार्प, पायथन वापरणाऱ्यांना याची काळजी सहसा नसते.

आणखी एक गोष्ट. डबल-क्लिकने ॲप चालू झालं की चालू फोल्डर आपल्या ॲपचं असेलच असं नाही. बऱ्याचदा ते फाइलीचं फोल्डर असतं. सेटिंग्जची फाइल नुसत्या नावाने उघडत असाल तर ती इथे सापडणार नाही. ईएक्सईचा पाथ काढून तिथून शोधा.

पायरी तिसरी: विंडोजच्या रजिस्ट्रीत दोन गाठी

लिहायचं कुठे, हे आधी. नेटवरच्या जुन्या उदाहरणांत एचकेसीआर, म्हणजे क्लासेस रूटमध्ये लिहिलेलं दिसतं. ती स्वतंत्र जागाच नव्हे. संपूर्ण मशीनच्या आणि चालू यूझरच्या नोंदी एकत्र करून दाखवणारं ते दृश्य आहे आणि दोन्हीकडे एकच नोंद असली तर यूझरची वरचढ ठरते. वाचायला ठीक, लिहायला नको. नोंद नेमकी कुठे पडली हे नंतर कळत नाही. लिहायचं ते एचकेसीयू मध्ये, म्हणजे करंट यूझरमध्ये, 'सॉफ्टवेअर\क्लासेस' खाली. त्याला ॲडमिनचे अधिकार लागत नाहीत. इन्स्टॉलर सगळ्या यूझरांसाठी चालत असेल तरच एचकेएलएम मध्ये, म्हणजे लोकल मशीनमध्ये, त्याच नावाच्या जागी लिहा.

एवढं झाड उभं करायचं आहे (प्रत्येक पाथ ही एक की, तिच्याखालची ओळ ही तिच्यातली व्हॅल्यू):

सॉफ्टवेअर\क्लासेस\.वही
(डिफॉल्ट) = लेखणी.वही.१

सॉफ्टवेअर\क्लासेस\.वही\ओपनविथप्रोगआयडीज
लेखणी.वही.१ = रिकामी व्हॅल्यू

सॉफ्टवेअर\क्लासेस\लेखणी.वही.१
(डिफॉल्ट) = लेखणीची वही

सॉफ्टवेअर\क्लासेस\लेखणी.वही.१\डिफॉल्टआयकॉन
(डिफॉल्ट) = सी:\…\लेखणी.ईएक्सई,१

सॉफ्टवेअर\क्लासेस\लेखणी.वही.१\शेल\ओपन\कमांड
(डिफॉल्ट) = "सी:\…\लेखणी.ईएक्सई" "%१"

पहिल्या दोन नोंदी ही पहिली गाठ, उरलेल्या तीन ही दुसरी. प्रोग-आयडीचं नाव ॲप, प्रकार, आवृत्ती अशा क्रमाने टिंबांनी जोडायची पद्धत आहे. ते ३९ अक्षरांच्या आत ठेवा, आकड्याने सुरू करू नका, आणि टिंबाखेरीज दुसरं चिन्ह घालू नका.

कोड लिहिताना सी शार्पमध्ये रजिस्ट्री क्लासच्या करंट-यूझरवर क्रिएट-सब-की ही मेथड आहे. पायथनमध्ये विन-रेग मॉड्यूल बरोबरच येतं. सी++ मध्ये रेग-क्रिएट-की-एक्स आणि रेग-सेट-व्हॅल्यू-एक्स. भाषा कोणतीही असो, एक खड्डा सगळ्यांच्या वाटेत आहे. रजिस्ट्री एडिटरमध्ये '(डिफॉल्ट)' असं जे दिसतं ते त्या व्हॅल्यूचं नाव नव्हे. तिचं नाव रिकामं आहे. एडिटर आपल्या सोयीसाठी तसं दाखवतो. कोडमध्ये नावाच्या जागी रिकामी स्ट्रिंग द्यायची. कंसासकट 'डिफॉल्ट' लिहिलंत तर त्या नावाची दुसरीच व्हॅल्यू तयार होते, एडिटरमध्ये दोन '(डिफॉल्ट)' एकाखाली एक दिसतात आणि काहीच चालत नाही. दोन दिसले की समजा, हेच झालंय.

आता कमांडच्या ओळीकडे नीट बघा. %१ च्या जागी विंडोज फाइलीचा पाथ घालतं. त्याभोवतीचे अवतरण चिन्ह हा शोभेचा भाग नाही. मी पहिल्यांदा हे काम केलं तेव्हा ते विसरलो होतो. माझ्या सगळ्या चाचणी-फाइलींची नावं एकशब्दी होती, त्यामुळे सगळं छान चाललं. ॲप वापरणाऱ्या पहिल्याच माणसाने 'मार्च चा हिशेब' उघडायला घेतला आणि ॲप म्हणालं, 'मार्च' नावाची फाइल सापडत नाही. जागेपाशी पाथ तुटला होता आणि ॲपला तीन वेगवेगळी आर्ग्युमेंटं मिळाली होती. त्या दिवसापासून माझ्या चाचणी-फोल्डरचं नावच दोन शब्दांचं आहे. ईएक्सईच्या पाथलाही अवतरण चिन्हं हवीतच, कारण 'प्रोग्रॅम फाइल्स' या नावातच जागा आहे.

आयकॉनच्या ओळीत स्वल्पविरामानंतरचा आकडा म्हणजे ईएक्सईतला कितवा आयकॉन, शून्यापासून मोजून. आकडा उणे असेल तर तो रिसोर्सचा क्रमांक धरला जातो. ॲपचा आणि फाइलीचा आयकॉन वेगळा ठेवला की फोल्डरमध्ये ॲप कोणतं आणि फाइल कोणती हे चटकन कळतं.

आणि हो, एक्स्टेन्शन नोंदवल्याबरोबर ते विंडोजला 'माहीत' होतं. माहीत असलेली एक्स्टेन्शनं विंडोज मुळातच लपवतं. काल '.वही' दिसत होतं ते आज गायब झालं म्हणून कुणी घाबरून विचारलं तर कारण हे आहे. बिघाड नाही.

पायरी चौथी: एक्सप्लोररला कळवा

नोंदी बरोबर असूनही आयकॉन जुनाच दिसतो, कारण एक्सप्लोरर आपली यादी सतत ताजी करत बसत नाही. सगळं लिहून झालं की एसएच-चेंज-नोटिफाय हे फंक्शन एकदाच बोलवा, असोसिएशन बदलल्याची खूण देऊन. लॉग-आउट करा, मशीन रीस्टार्ट करा असे सल्ले देण्याची गरज नाही. या एका ओळीने भागतं. पण प्रत्येक वेळी ॲप चालू होताना ती बोलवू नका. सगळे आयकॉन नव्याने काढले जातात आणि डेस्कटॉप लुकलुकतो. नोंद खरोखर बदलली असेल तेव्हाच.

इन्स्टॉलर वापरत असाल तर यातलं बरंच काम तो करतो. इनो सेटअपमध्ये रजिस्ट्री नावाच्या विभागात या ओळी लिहायच्या आणि सेटअप विभागात 'चेंजेस असोसिएशन्स' ला 'येस' म्हणायचं. कळवण्याचं काम तो बघतो. इलेक्ट्रॉन-बिल्डरमध्ये आणि जावाच्या जे-पॅकेजमध्येही फाइल असोसिएशनसाठी तयार जागा आहे. एमएसआयएक्स (विंडोजचा नवा पॅकेज प्रकार) वापरत असाल तर रजिस्ट्रीला हातच लावायचा नाही. मॅनिफेस्टमध्ये जाहीर करायचं, नोंदणी आणि सफाई सिस्टिम करते.

पायरी पाचवी: 'डिफॉल्ट' होण्याचा हट्ट

लोक सर्वांत जास्त अडकतात ते इथे. '.वही' आपलंच नवं एक्स्टेन्शन असेल आणि त्यावर दुसऱ्या कुणाचा दावा नसेल, तर वरच्या नोंदींवर काम झालं. डबल-क्लिक केलं की लेखणी उघडेल. पण '.टीएक्सटी' किंवा '.पीडीएफ' सारखं सर्वांचं एक्स्टेन्शन असेल तर गोष्ट वेगळी. तिथे '.टीएक्सटी' च्या (डिफॉल्ट) व्हॅल्यूला हात लावू नका. फक्त 'ओपनविथप्रोगआयडीज' खाली आपलं नाव घाला. म्हणजे 'ओपन विथ' च्या यादीत आपण दिसू आणि निवड माणूस करेल.

हात लावूनही उपयोग होत नाही म्हणा. माणसाने एकदा 'नेहमी यातच उघड' असं निवडलं की ती निवड यूझर-चॉइस नावाच्या वेगळ्या कीमध्ये जाते आणि ती सगळ्यांवर भारी असते. २०१२ मध्ये आलेल्या विंडोज ८ पासून त्या कीसोबत एक हॅश, म्हणजे निवडीवरून गणिताने काढलेली खूण, असतो. कोडमधून नुसतं प्रोग-आयडी बदललं तर हॅश जुळत नाही आणि विंडोज ती निवड ग्राह्य धरत नाही. हे मुद्दाम केलेलं आहे. त्याआधी प्रत्येक नवं ॲप आल्या आल्या सगळी एक्स्टेन्शनं आपल्या नावावर करून घ्यायचं, आणि दोन म्युझिक प्लेअर एकाच मशीनवर असले की रोज मालक बदलायचा.

हा हॅश कसा बनवायचा याचे जुगाड नेटवर सापडतात. वापरू नका. उद्याच्या अपडेटमध्ये ते बंद पडू शकतात, आणि एखाद्याने घरातल्या कुलपाची किल्ली न विचारता करून घ्यावी, तसंच ते आहे.

मग करायचं काय? लेखणीची ओळख सिस्टिमला रीतसर करून द्यायची. 'सॉफ्टवेअर' खाली आपल्या कीमध्ये 'कॅपॅबिलिटीज' नावाची की बनवा. तिच्यात ॲपचं नाव, वर्णन आणि 'फाइल असोसिएशन्स' खाली एक्स्टेन्शन आणि प्रोग-आयडी यांच्या जोड्या. मग 'रजिस्टर्ड ॲप्लिकेशन्स' मध्ये त्या कॅपॅबिलिटीजचा पाथ लिहा. आता सेटिंग्जमधल्या डिफॉल्ट ॲप्सच्या पानावर लेखणी दिसू लागेल. ॲपमध्ये 'लेखणीला डिफॉल्ट करा' असं बटण द्यायचं असेल, तर ते दाबल्यावर 'एमएस-सेटिंग्ज:डिफॉल्टॲप्स' हा पत्ता उघडा. शेवटचं बटण माणूस दाबेल. बटण एकदाच दाखवा. दर वेळी ॲप उघडताना 'मी डिफॉल्ट नाही' म्हणून रडणारी ॲपं लोक काढून टाकतात.

'ओपन विथ' च्या यादीत आपलं नाव 'लेखणी.ईएक्सई' असं उघडंबोडकं दिसत असेल, तर ईएक्सईच्या व्हर्जन माहितीत फाइल डिस्क्रिप्शन भरलेलं नाही. तिथे नीट नाव घाला.

पायरी सहावी: एकदम दहा फाइली

दहा फाइली निवडून एंटर दाबला तर विंडोज वरची कमांड दहा वेळा चालवतं. दहा खिडक्या, दहा प्रोसेस. काही ॲपांना हे चालतं, टॅब असलेल्या ॲपला चालत नाही. मग नवी प्रोसेस चालू होताना आधीची चालू आहे का ते बघायचं. त्यासाठी नाव दिलेला म्युटेक्स (एका वेळी एकाच प्रोसेसला मिळणारं कुलूप) पुरतो. असेल तर नेम्ड पाइपमधून (दोन प्रोसेसमधल्या निरोपाच्या नळीतून) पाथ तिच्याकडे पाठवायचा आणि नव्या प्रोसेसने बंद व्हायचं. इलेक्ट्रॉनमध्ये यासाठी सिंगल-इन्स्टन्स-लॉक तयार मिळतो.

इथली गंमत नंतर कळते: फाइल उघडते, पण खिडकी पुढे येत नाही, खाली टास्कबारमध्ये नुसती चमकत राहते. कारण समोर यायचा हक्क विंडोजने नव्या प्रोसेसला दिलेला असतो, कारण माणसाने क्लिक करून चालू केलं ते तिलाच. जुनीला तो हक्क नाही. म्हणून नवीने बंद होण्यापूर्वी अलाऊ-सेट-फोरग्राउंड-विंडो बोलवून तो हक्क जुनीच्या हवाली करायचा. पंधरापेक्षा जास्त फाइली निवडल्या तर राइट-क्लिक मेन्यूतलं 'ओपन' गायब होतं, तेही आपल्या चुकीने नव्हे.

मॅकवर

मॅकवर कोड जवळजवळ नाहीच, सगळं ॲपच्या बंडलमधल्या इन्फो-डॉट-पीलिस्टमध्ये जाहीर करायचं. प्रकार आपलाच असेल तर तो 'एक्स्पोर्टेड टाइप डिक्लरेशन्स' मध्ये: आयडेंटिफायर उलट्या डोमेनच्या धर्तीवर, तो कशाचा उपप्रकार आहे (साधा डेटा असेल तर 'पब्लिक.डेटा', मजकूर असेल तर 'पब्लिक.टेक्स्ट'), आणि त्याची एक्स्टेन्शनं. प्रकार दुसऱ्याचा असेल तर 'इम्पोर्टेड' मध्ये. ही झाली पहिली गाठ. दुसरी 'डॉक्युमेंट टाइप्स' मध्ये: तोच आयडेंटिफायर, आपण तो फक्त दाखवतो की संपादितही करतो, आणि हँडलर रँक. स्वतःच्या प्रकारासाठी रँक 'ओनर', इतरांच्या प्रकारांसाठी 'आल्टरनेट'. यूटीआयची ही पद्धत २००५ च्या टायगरपासून आहे. त्याआधीच्या मॅकवर चार अक्षरांचे टाइप आणि क्रिएटर कोड असत.

मोठा फरक असा की इथे फाइलीचा पाथ आर्ग्युमेंटमधून येत नाही. तो ॲपल इव्हेंट म्हणून येतो आणि ॲप डेलिगेटच्या ओपन-यूआरएल्स मेथडला मिळतो. क्यूटीमध्ये फाइल-ओपन-इव्हेंट पकडावा लागतो, इलेक्ट्रॉनमध्ये 'ओपन-फाइल'. विंडोजवर चाललेलं ॲप मॅकवर आणलं की ते रिकामं उघडतं, त्याचं कारण दहात नऊ वेळा हेच. इव्हेंट ॲप पूर्ण उभं राहण्याआधीही येऊ शकतो, तेव्हा खिडकी तयार नसेल तर पाथ बाजूला ठेवून नंतर उघडा.

नोंद झाली का ते बघायला टर्मिनलमध्ये एमडीएलएस ही कमांड फाइलीवर चालवा आणि कंटेंट टाइप बघा. तुमचा आयडेंटिफायर दिसला तर ठीक. 'डीवायएन' ने सुरू होणारी विचित्र अक्षरांची माळ दिसली तर सिस्टिमला तो प्रकार माहीतच नाही, म्हणजे पहिली गाठ सुटली आहे. आणि 'ओपन विथ' मध्ये लेखणी तीन-तीनदा दिसत असेल तर बिल्ड फोल्डरमधल्या जुन्या प्रतींचीही नोंद झालेली आहे, त्या पुसा.

लिनक्सवर

इथे दोन छोट्या फाइली आणि तीन कमांड. पहिली फाइल एक्सएमएलची, होम फोल्डरमधल्या '.लोकल/शेअर/माइम/पॅकेजेस' मध्ये. तिच्यात 'ॲप्लिकेशन/एक्स-वही' हा प्रकार आणि 'ग्लोब' म्हणून '*.वही' हा नमुना. फाइल आतून साधा मजकूर असेल तर 'सब-क्लास-ऑफ' मध्ये 'टेक्स्ट/प्लेन' लिहा, म्हणजे या प्रकाराला ॲप जोडलेलं नसेल तेव्हाही ती निदान टेक्स्ट एडिटरमध्ये उघडेल. 'कॉमेंट' मध्ये प्रकाराचं वाचनीय नाव येतं, आणि भाषेचा कोड 'एमआर' देऊन तेच मराठीतही देता येतं. मराठीत डेस्कटॉप वापरणाऱ्याला फाइलीच्या माहितीत 'लेखणीची वही' असं दिसतं. दोन मिनिटांचं काम आहे, करा.

दुसरी फाइल म्हणजे 'लेखणी.डेस्कटॉप', '.लोकल/शेअर/ॲप्लिकेशन्स' मध्ये. महत्त्वाच्या ओळी दोनच:

एक्झेक=/पूर्ण/पाथ/लेखणी %एफ
माइमटाइप=ॲप्लिकेशन/एक्स-वही;

लहान लिपीतला एफ म्हणजे एक फाइल; बरोबर अनेक निवडल्या तर ॲप तितक्या वेळा चालू होईल. मोठ्या लिपीतला एफ म्हणजे सगळ्या फाइली एकाच वेळी हातात. आणि इथे विंडोजची सवय सोडा: %एफ भोवती अवतरण चिन्हं घालायची नाहीत. जागा असलेले पाथ सिस्टिम स्वतः सांभाळते. चिन्हं घातली तर पुढे काय होईल याची हमी मानकात दिलेली नाही. विंडोजवर जी चूक चिन्हं न घातल्याने होते, तीच इथे घातल्याने होऊ शकते.

मग कमांड: अपडेट-माइम-डेटाबेस माइम फोल्डरवर, अपडेट-डेस्कटॉप-डेटाबेस ॲप्लिकेशन्स फोल्डरवर, आणि डिफॉल्ट करायचं असेल तर एक्सडीजी-माइम डिफॉल्ट. ही शेवटची कमांड 'माइमॲप्स.लिस्ट' नावाच्या साध्या मजकुराच्या फाइलीत एक ओळ लिहिते. उघडून वाचता येते. विंडोजसारखा हॅश इथे नाही, म्हणून संयम आपणच पाळायचा. इतरांच्या प्रकारांवर ही कमांड इन्स्टॉलरमधून चालवू नका. दोन्ही गाठी तपासायला एक्सडीजी-माइमलाच विचारा: 'क्वेरी फाइलटाइप' ने प्रकार कळतो, 'क्वेरी डिफॉल्ट' ने ॲप.

काढून टाकताना

अनइन्स्टॉल लिहायला कुणाला उत्साह नसतो. माझ्या एका जुन्या इन्स्टॉलरमध्ये मी अनइन्स्टॉलच्या वेळी एक्स्टेन्शनची अख्खी कीच उडवत होतो. स्वतःचं एक्स्टेन्शन असतं तर खपलं असतं, पण यादीत एक सर्वांचं एक्स्टेन्शनही होतं. माझं ॲप काढलं की त्याखालच्या इतर ॲपांच्या नोंदीही जात होत्या, आणि शिव्या त्या ॲपांना बसत होत्या. तेव्हा विंडोजवर फक्त एवढंच करा: आपली प्रोग-आयडी की पूर्ण काढा, 'ओपनविथप्रोगआयडीज' मधली आपली एकच व्हॅल्यू काढा, (डिफॉल्ट) मध्ये अजूनही आपलंच नाव असेल तरच ते रिकामं करा, कॅपॅबिलिटीजची नोंद काढा, आणि एक्सप्लोररला पुन्हा कळवा. लिनक्सवर दोन्ही फाइली काढून डेटाबेसच्या दोन्ही कमांड पुन्हा चालवायच्या. मॅकवर ॲप कचऱ्यात टाकलं की नोंदही यथावकाश जाते.

इन्स्टॉल न करता पेनड्राइव्हवरून चालणारं ॲप असेल तर मुळात नोंदच करू नका, किंवा माणसाने सेटिंग्जमध्ये सांगितलं तरच करा. उद्या ड्राइव्हचं अक्षर बदललं की कमांडमधला पाथ मेलेला असतो.

शेवटची चाचणी स्वतःच्या मशीनवर नको. तिथे गेल्या महिन्याभरातल्या अर्धवट नोंदी साचलेल्या असतात आणि त्याच्या जोरावर चुकीचा कोडही चालून जातो. नवं यूझर खातं किंवा कोरं व्हर्च्युअल मशीन घ्या. इन्स्टॉल करा, दोन शब्दांच्या फोल्डरात देवनागरी नावाची फाइल ठेवून डबल-क्लिक करा, मग ॲप उघडं असताना दुसऱ्या फाइलीवर करा, मग तीन फाइली एकदम. मग अनइन्स्टॉल करून पुन्हा पहिल्या फाइलीवर डबल-क्लिक करा. आता सिस्टिमने 'ही कशात उघडू' असंच विचारायला हवं. 'लेखणी.ईएक्सई सापडत नाही' असं म्हणाली, तर काहीतरी मागे राहिलंय.